डबी उघडली की फुटली

प्रोफेसरांच्या घरात बोलण्याचं सगळं खातं प्रोफेसरांच्या एकट्याच्या नावावर होतं. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त 'हं' आणि 'हो का'. निवृत्तीनंतर बहुतेक मास्तरांचा आवाज बसतो. यांचा बसला नाही; कॉलेज सुटलं त्या दिवशी तो बाडबिस्तरा घेऊन घरी राहायला आला. बायकोच्या तो अंगवळणी पडलेला होता. मुलाने त्याच्याकडे कानाडोळा करायचं लहानपणीच शिकून घेतलं होतं. सुनेला मात्र तो दोन्हीकडून पुरत होता, कारण ती आधी त्यांची विद्यार्थिनी होती आणि मग सून झाली. लॅबमध्ये ती त्यांना सर म्हणे, घरी बाबा. आणि दोन्ही ठिकाणी त्यांचं वाक्य संपायची वाट बघे.

लॅब म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिलीत टेबल, खुर्च्या आणि मुलगा. येणाऱ्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि आशा द्यायची, हे त्याचं काम. मधल्या खोलीत खरं काम. तिसरीत फ्रिज, बेसिन आणि ज्याला दुसरीकडे कुठेच जागा नाही असं सगळं. मुलाला रसायनातलं ओ की ठो कळत नसे, पण न कळलेली गोष्ट तो इतक्या ठामपणे सांगे की ऐकणारा स्वतःलाच मठ्ठ समजून घरी जाई. सून याच्या नेमकी उलट. तिला ठाऊक असे आणि विचारलं की म्हणे, "बघावं लागेल."

डीएनए म्हटलं की लोकांना आईचं नाक आणि बापाचा राग आठवतो. इथे त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. सुनेला डीएनए हवा होता तो धागा म्हणून. एक लांबलचक धागा घ्यायचा, त्यात शेकडो तोकडे तुकडे टाचण्यांसारखे मिसळायचे, मिश्रण तापवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. कुठल्या टाचणीने कुठल्या दोन जागा जवळ ओढायच्या हे आधी नीट ठरवलेलं असेल, तर धागा आपल्या आपण घड्या घालून घेतो आणि तयार होते डबी. झाकणासकट. इतकी बारीक, की पाण्याच्या एका थेंबात अशा अब्जावधी मावतात आणि थेंबाला पत्ता नसतो.

झाकणाला कुलूप, तेही डीएनएचंच. किल्ली म्हणजे एक ठरावीक औषध, गाई आजारी पडल्या की टोचतात ते. दुधात हे औषध उरलेलं असलं, की त्याचा रेणू कुलपाला जाऊन चिकटतो, कुलूप सुटतं, झाकण उघडतं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चमकणारा रेणू बसवलेला, आणि डबीत त्याच्या अगदी समोर त्याचा उजेड गिळून टाकणारा दुसरा. झाकण बंद आहे तोवर पहिल्याचं काही चालत नाही. (प्रोफेसरांच्या बायकोला हे पहिल्या झटक्यात समजलं होतं.) झाकण उघडलं, दोघं लांब गेले, की पहिला हिरवागार उजळतो. तो उजेड यंत्र मोजतं.

डेअरीला हे हवं होतं. औषध उरलेलं दूध टाकीत मिसळलं की चीजचं विरजणच मरतं, आणि एका आजारी गाईपायी अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. डेअरीच्या तपासणीच्या मॅडम महिनाअखेर स्वतः येणार होत्या. येताना दुधाच्या बाटल्या आणणार. कशात औषध आहे आणि कशात नाही हे फक्त त्यांना ठाऊक. डब्यांनी ते ओळखून दाखवायचं. जमलं तर काम पुढे चालू. नाही जमलं तर खोल्या सोडायच्या आणि सुनेने परत जायचं त्या जुन्या पॅथॉलॉजीत, जिथे तिने शिक्षणानंतरची सगळी उमेद दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवण्यात घालवली होती. मुलगा कुठेही काहीही विकू शकला असता. प्रोफेसर कुठेही बोलू शकले असते. बुडणार होतं ते एकटीचं.

आणि नेमकी आताच डबी लबाडी करायला लागली.

एखाद्या दिवशी सगळं चोख: औषधाच्या नळ्या हिरव्या, साध्या पाण्याच्या काळोख्या. दुसऱ्या दिवशी तेच हात, तीच पिपेट, तेच यंत्र, आणि नुसत्या पाण्याच्या नळ्या दिवाळीतल्या दुकानासारख्या झगमगताहेत. सुनेने पाणी बदललं. क्षार बदलले. टाचण्या नव्याने मागवल्या. काचेचं कपाट पुसून काढलं, ज्यातल्या गाळलेल्या हवेत हात घालून ती नळ्या भरत असे.

"तुझा हात हलतो," प्रोफेसर म्हणाले.

"नाही हलत, सर."

"हलतो. दुसऱ्या वर्षापासून हलतो. एका नळीतलं औषध दुसरीत उडतं. पिपेट अशी धरायची." असं म्हणून त्यांनी कपाटाची काच वर सरकवली, मान आत घातली आणि तिच्या उघड्या नळ्यांवर ओणवं होऊन पिपेट कशी धरायची ते सविस्तर सांगितलं. तोंडाला मास्क होता, म्हणजे होता. पण मास्कमधून शब्द चेपले जातात अशी त्यांची तक्रार असल्यामुळे तो बोलण्यापुरता हनुवटीवर येई. आणि बोलण्यापुरता म्हणजे सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. त्यांच्या हनुवटीला आजवर कसलाही संसर्ग झाला नाही.

सुनेला हा 'हात हलतो' फार लागला. माणसाला आळशी म्हणा, तोंडाळ म्हणा, तो दोन दिवसांत विसरतो. जिची सगळी पुंजी हात आहे तिला हात हलतो म्हणणं म्हणजे भर वर्गात खिसे उलटे करायला लावणं. ती रात्री नवऱ्यापुढे पाण्याने भरलेला पेला धरून उभी राहिली. "हलतोय?"

"नाही."

"नीट बघ."

"अगं, पेला भिंतीत बसवल्यासारखा आहे. झोप आता."

उलगडा झाला तो जेवणाच्या टेबलावर. प्रोफेसर घरी येणारं पाणी कमी दाबाने का येतं यावर पाइपांच्या व्यासापासून बोलत होते. पाइप, पंप, प्रेशर. शब्दांची जोरदार आघाडी होती. सासूबाईंनी न बघता हात लांब केला आणि पाण्याच्या तांब्यावर झाकण ठेवलं. मग भाजीवर. मग वरणावर. सुनेने हे रोज पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. आज तिला दिसलं, की झाकणं फक्त एका बाजूला आहेत. तिच्या समोरची भांडी उघडीच.

भांडी विसळताना तिने विचारलं, "आई, बाबांच्या बाजूची भांडी तुम्ही झाकता ना?"

"मग."

"का?"

सासूबाईंनी बाहेरच्या खोलीकडे कानोसा घेतला. व्यास चालू होता. "पाऊस पडतो," त्या म्हणाल्या.

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"झाकण ठेवायला काय लागतं? सांगायला बसले असते तर अजून सांगतच असते."

सुनेच्या हातात ताट तसंच राहिलं. लाळेत डीएनए कापणारं एन्झाइम असतं, हे तिला पाठ होतं. तिला ते याच माणसाने शिकवलं होतं. लाळेचा सूक्ष्म थेंब नळीत पडतो, एन्झाइम कामाला लागतं, डबीचे धागे सपासप कापले जातात. डबी उघडत नाही, फुटते. पण यंत्राला काय त्याचं? कुलूप उघडून आत शिरलेला आणि भिंत फोडून शिरलेला, दोघांच्याही मागे घरातला दिवा बाहेर दिसतोच. चमकणारा रेणू सुटला, उजेड पडला, यंत्राने तो औषधाच्या नावे टाकला.

आता नुसता संशय घेऊन सासऱ्याच्या तोंडाविषयी बोलता येत नाही. पुरावा लागतो. प्रोफेसरांना एका जुन्या सहकाऱ्याचा अधूनमधून फोन येई आणि तो आला की ते मधल्या खोलीतल्या टेबलाशीच ठाण मांडत. फोनची रिंग ऐकताच सुनेने साध्या पाण्यात डब्या घातलेल्या नळ्यांची रांग टेबलावर मांडली, पहिली त्यांच्या पुढ्यात, शेवटची पार खिडकीशी. सगळ्यांची झाकणं उघडी.

"हे काय मांडलंस?" फोनवर हात ठेवून प्रोफेसरांनी विचारलं.

"असू देत, सर. तुमचं चालू द्या."

त्यांचं चालू राहिलं. सहकाऱ्याने डीएनएबद्दल काहीतरी विचारण्याची चूक केली असावी, कारण फॉस्फेट, प्रोब, फ्लुरोसन्स असे त्यांचे लाडके शब्द भराभर येऊ लागले. मग एकेकाळी हाकलून दिलेल्या प्राचार्याचा विषय निघाला आणि वेग आणखी वाढला. फोन संपल्यावर सुनेने झाकणं लावली, नळ्या उबदार ठेवल्या आणि यंत्रात घातल्या.

पुढ्यातली नळी अशी पेटली होती की यंत्राने हात टेकले. तिच्या शेजारची किंचित कमी. मग आणखी कमी. खिडकीशी काळोख. कुणीतरी उतरत्या जिन्यावर पणत्या लावाव्यात तसं ते दिसत होतं. मधेच एक नळी मात्र उगाचच जास्त उजळलेली; सुनेने आठवून पाहिलं, तर प्राचार्याच्या वेळी प्रोफेसर डावीकडे वळले होते.

तिने नवऱ्याला जिन्यात गाठलं.

"तू सांग त्यांना."

"मी? काय सांगू?"

"की नळ्यांवर बोलू नका. मास्क वर ठेवा. बाहेर बसा."

"त्यांना वाटेल मी त्यांना लॅबमधून काढतोय. तूच सांग. तू त्यांची विद्यार्थिनी."

"तू मुलगा."

"मुलाचं कुणी ऐकतं का? निदान तुला गुण तरी दिलेत त्यांनी."

"मग आई?"

"आईने तीस-पस्तीस वर्षं झाकणांवर काढलीत. तिला कशाला आता अडकवतेस."

असा तो विषय जिन्याच्या दोन पायऱ्यांवर वरखाली होत राहिला आणि शेवटी तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी सुनेने तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. "सर, एक सांगायचं होतं," इथपर्यंत ती पोचली. "सांग ना," प्रोफेसर म्हणाले, आणि सांगण्याचं महत्त्व काय, संशोधकाने मोकळेपणाने कसं बोललं पाहिजे, हे पुढची वीस मिनिटं समजावून दिलं. समोर नळ्या होत्या. त्या दिवशीचं काम फेकून द्यावं लागलं.

मग तिने जे केलं ते हुशार आणि भित्र्या माणसाने करावं तसंच. तिने दुसरी डबी बांधली.

ही डबी पहिलीसारखीच, त्याच धाग्याची, तेवढ्याच आकाराची. फरक एवढाच, की हिला कुलूप नाही. झाकण चारी बाजूंनी टाचून टाकलेलं. जगातलं कुठलंही औषध आणा, ती उघडायची नाही. आणि आतला रेणू हिरव्याऐवजी लाल. प्रत्येक नळीत दोन्ही जातीच्या डब्या घालायच्या. नुसती हिरवी उजळली, तर औषध. लालही उजळली, तर कुणीतरी घरं फोडली आहेत. त्या नळीचं बोलणं मनावर घ्यायचं नाही. प्रोफेसरांना तिने सांगितलं, "पडताळणीसाठी आहे, सर." ते खूश झाले. पडताळणी हा त्यांचा आवडता विषय होता.

परीक्षेच्या दिवसासाठी बेत ठरला. सून नळ्या भरेल तेवढा वेळ मुलाने बाबांना पहिल्या खोलीत गुंतवायचं. त्यांना एवढंच विचारायचं, की तुमच्या वेळची कॉलेजं कशी होती.

डेअरीच्या मॅडम बर्फाचा डबा घेऊन आल्या. ठेंगण्या, शांत, शब्द जपून वापरणाऱ्या; अशा बाईसमोर बोलक्या माणसाला आपण फार छान बोलतोय असं वाटू लागतं. त्यांनी दहा बाटल्या ओळीने मांडल्या. सून कपाटापुढे बसली, दूध पातळ करून नळ्यांत भरू लागली. पहिल्या खोलीतून कॉलेजं ऐकू येत होती. सगळं ठरल्याप्रमाणे.

"हे नेमकं चालतं कसं?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी हळू विचारलं होतं. पण काही लोकांना आपलं नाव भिंतीपलीकडून ऐकू येतं, तसा प्रोफेसरांना प्रश्न ऐकू येई. कॉलेज अर्ध्यावर सोडून ते आत आले. मुलगा मागून त्यांच्या कोटाची बाही धरून, हरलेल्या माणसासारखा. मास्क हनुवटीवर गेला, कपाटाची काच वर गेली. "इकडे या, मॅडम, असं जवळून बघा. फॉस्फेटपासून सुरू करू."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने काचेकडे पाहिलं. नळ्या सगळ्या उघड्या होत्या.

थोड्या वेळाने यंत्राने आकडे दाखवले. हिरवं, दहाही नळ्यांत. आणि लाल, जवळजवळ तेवढंच.

"सगळ्यांत औषध?" मॅडम म्हणाल्या. "मी तर काहींत नुसतं दूध आणलंय."

"बॅकग्राउंड आहे ते," मुलगा म्हणाला.

"आणि हा लाल?"

"तोही बॅकग्राउंड. थोडा जास्त."

मॅडम बर्फाच्या डब्याचं झाकण शोधू लागल्या. सुनेला तो आवाज ओळखीचा वाटला. पॅथॉलॉजीत संध्याकाळी डबे असेच बंद होत. यंत्र बिघडलं म्हटलं असतं तर सगळ्यांची अब्रू राहिली असती. मॅडम चहा घेऊन गेल्या असत्या, प्रोफेसरांनी यंत्राच्या कंपनीवर तासभर बोलून घेतलं असतं, आणि पहिल्या तारखेपासून हिने लेबलं चिकटवली असती.

"लाल साक्षीदार आहे," ती म्हणाली.

"कसला?"

"हिरवी डबी औषधाने उघडते. लाल उघडूच शकत नाही. ती उजळली म्हणजे डब्या उघडल्या नाहीत, फुटल्या. या दहा नळ्यांचं उत्तर धरू नका. परत करावं लागेल."

"फुटतात कशाने?"

"लाळेने. उघड्या नळीवर कुणी बोललं तर पुरतं."

"पण इथे कोण बोललं?" प्रोफेसरांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

मुलाने छताकडे पाहिलं. मॅडमनी बाटल्यांकडे. सुनेने कुणाकडेच नाही. खालच्या दुकानात कुणीतरी चष्मा लावून अक्षरं वाचत होतं तेही वर ऐकू आलं. प्रोफेसरांनी एकेकाचा चेहरा पाहिला, मग नळ्या, मग परत चेहरे. त्यांचा हात सावकाश हनुवटीकडे गेला आणि तिथे त्याला मास्क सापडला.

तो त्यांनी नाकावर चढवला. "पुन्हा करा," आतून आवाज आला.

"बाबा, आपण बाहेर बसू," मुलगा म्हणाला.

"मी आयुष्यभर दुसऱ्यांना बाहेर काढलंय. मी इथेच बसणार. बोलणार नाही."

त्यांच्या शेवटच्या दोन शब्दांवर विश्वास ठेवायला कुणाकडेच काही आधार नव्हता. पण मॅडमनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं.

सुनेने नव्या नळ्या घेतल्या. ती श्वासही जपून घेत होती. प्रोफेसर भिंतीशी खुर्चीवर, हात मांडीवर. एक नळी भरली. दुसरी. खोलीत कुणाचंही लक्ष नळ्यांकडे नव्हतं. सगळे प्रोफेसरांकडे बघत होते, जसं उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतात.

मॅडमना ती शांतता जड झाली असावी. दारात उभं राहून त्यांनी मुलाला हळूच विचारलं, "हा डीएनए असतो कुणाचा? म्हणजे माणसाचा, की गाईचा?"

"गाईचा," मुलगा म्हणाला.

प्रोफेसरांची मान वळली.

"दूध तपासायचंय ना, मग गाईचाच लागतो," मुलाने पुढे खुलासा केला. "आपण गाईच्या केसातून काढतो. काळ्या गाईचा जास्त टिकतो."

प्रोफेसरांनी खुर्चीचे हात धरले. डोळ्यांनी जेवढं बोलता येतं तेवढं त्यांनी मुलाला बोलून घेतलं. एक बोट हवेत उचललं, त्याने 'नाही' असं लिहिलं, आणि ते खाली आणून परत खुर्चीला धरवलं. सूनही काही बोलू शकत नव्हती. तिचं तोंड तर नळ्यांच्या सगळ्यात जवळ होतं. तिने फक्त डोळे मिटले आणि उघडले.

"आणि शेळीचं दूध असलं तर?" मॅडमनी विचारलं.

"मग शेळीचा," मुलगा म्हणाला. "ते आम्ही बदलून देतो."

प्रोफेसर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, संपलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कोपऱ्यात, शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि कपाळ भिंतीला टेकवलं. मागून त्यांचे कान तेवढे लाल दिसत होते. सुनेने शेवटची नळी भरली. झाकणं लावली. टक्, टक्, टक्.

शेवटचं झाकण बसताच भिंतीकडून आवाज आला, "विषाणूचा."

"अं?" मॅडम दचकल्या.

"जिवाणू खाणारा एक विषाणू असतो, त्याचा धागा घेतात. गाईचा नाही. शेळीचा नाही. काळ्या केसाचा तर नाहीच नाही." मग ते वळले, मास्क खाली आला, आणि नळ्या उबेत असेपर्यंत त्यांनी मॅडमना विषाणूपासून सगळं नव्याने सांगितलं. बंद नळ्यांना त्याचं काही नव्हतं. मॅडमनी मधे दोन खरेच चांगले प्रश्न विचारले. मुलगा पाणी आणायला गेला तो बराच वेळ आला नाही.

यंत्राने दुसऱ्यांदा आकडे दाखवले. लाल कुठेच नव्हतं. हिरवं चारच नळ्यांत.

मॅडमनी त्या चार बाटल्या ओळीतून बाहेर काढून पुढे ठेवल्या. "याच," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "हिरवी छान आहे. पण मला लाल हवी."

"लाल तर नुसती पडताळणीची," सून म्हणाली.

"आमच्याकडे दूध उतरवतात तिथे सगळे बोलतात. एक गृहस्थ आहेत, माझ्या आधीपासूनचे. त्यांना मला काही सांगता येत नाही." त्यांनी बर्फाचा डबा उचलला. "ही सांगेल. पुढच्या आठवड्यापासून सुरू करा."

मॅडम जिना उतरल्या. मुलगा त्यांना सोडायला गेला, आणि वर यायची त्याला घाई नव्हती. मधल्या खोलीत दोघंच उरले.

"कधीपासून ठाऊक होतं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"थोडे दिवस झाले."

"फोनच्या वेळी त्या नळ्या मांडल्या होत्यास."

"हो, सर."

"म्हणजे मी बोलत होतो आणि तू मोजत होतीस." ते यंत्राकडे बघत राहिले. "मग हात हलत नव्हता तर."

"नाही."

"नाहीच हलत. आज पाहिलं मी. बोलायचं नसलं की बघण्याशिवाय काही उरत नाही." ते खुर्चीत बसले. "पण एक मला समजावून सांग. 'सर, मास्क वर करा.' चार शब्द. तेवढे सांगायचे सोडून तू अख्खा रेणू बांधलास?"

"रेणू सोपा होता," सून म्हणाली.

हे त्यांना लागलं, की पटलं, कुणास ठाऊक. मोठ्या माणसांना लागलेलं आणि पटलेलं बाहेरून सारखंच दिसतं. काही वेळाने ते उठले आणि फोनच्या दिवसाचे आकडे मागून घेतले. जिना उतरत गेलेल्या पणत्या त्यांनी नीट पाहिल्या; मधल्या आगाऊ नळीपाशी थांबून म्हणाले, "हा प्राचार्य असणार." मग चष्मा काढला.

"निष्कर्ष ठीक. प्रयोग मात्र कच्चा. एकाच माणसावर केलास. तुलनेला दुसरा कुठे आहे? कशावरून तुझी लाळ कमी आहे? कशावरून माझ्या मुलाची नाही?" तेवढ्यात मुलगा दारात आला होता, तो लगेच परत फिरणार होता. "थांब, तूही लागणार आहेस. नळ्या मांड गं. प्रत्येकाने आपापल्या रांगेपुढे दहा मिनिटं बोलायचं. दोन्ही डब्या घाल, लालसकट. माझी रांग झालेली आहे. पहिली तू."

"मी काय बोलू?"

"काहीही बोल. विषयाला महत्त्व नाही. अट एकच: एक बोलत असताना बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, नाहीतर कोण कुणाचं हे कळायचं नाही." मास्क नाकावर चढवत ते भिंतीशी जाऊन बसले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

सून नळ्यांच्या रांगेपुढे बसली. मुलाने टेबलावरचं गजराचं घड्याळ दहा मिनिटांवर लावलं. ती नळ्यांकडे बघत राहिली. मग खाकरली.

"कॉलेजात तुम्ही एकदा मला फळ्यापुढे उभं केलं होतंत," ती म्हणाली. "मला उत्तर येत होतं. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि पुढचं सगळं तुम्ही सांगितलंत. छान सांगितलंत. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि मी खडू घेऊन जागेवर जाऊन बसले."

प्रोफेसरांनी तोंड उघडलं. नळ्यांकडे पाहिलं. मिटलं.

"आणि आमचं लग्न ठरवायला माझे वडील तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही त्यांना माझ्या प्रबंधाचा विषय समजावून सांगितलात. दोन तास. मी शेजारीच बसले होते. वडील घरी येऊन म्हणाले, माणूस फार विद्वान आहे, पण तुला मुलगा पसंत आहे का ते विचारायचंच राहिलं." तिने रांगेतली पुढची नळी थोडी जवळ ओढली. "पसंत होता. तेही मला सांगता आलं नाही."

मुलाने मान वर केली.

"आणि जेवताना," सून म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा चढला होता, फ आणि प नीट फुटत होते, "जेवताना कुणी काही विचारलं की…"

ती सांगत गेली. भिंतीशी प्रोफेसर मास्क लावून सरळ बसले होते. प्रयोगाची अट त्यांनी स्वतः घातली होती आणि प्रयोग मोडणाऱ्यांतले ते नव्हते. घड्याळाचा काटा दहाच्या जवळ आला. मुलाने हात लांब केला, घंटा व्हायच्या आधी घड्याळ बंद केलं आणि खिशात टाकलं.